वाहतूक कमी आहे म्हणता, तर एकदा डिसेंबरच्या रविवारी येऊन मोजा

प्रति,
नाशिक जिल्ह्यातले रस्ते, पाणी, जंगल आणि पर्यटन ज्यांच्या ज्यांच्या हातात आहे ते सगळे साहेब आणि मॅडम,
आणि आम्ही मतं देऊन निवडून दिलेले सगळे लोकप्रतिनिधी

सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात टीव्ही लावला की आमच्या गावाचं, नांदूर मध्यमेश्वरचं, नाव दिवसातून चार वेळा ऐकू येतं. गंगापूर धरणातून इतकं सोडलं, दारणा धरणातून इतकं सोडलं, नांदूर मध्यमेश्वरमधून जायकवाडीकडे इतक्या क्युसेकने विसर्ग चालू. सगळ्या मराठवाड्याचं लक्ष आमच्या बंधाऱ्याकडे लागलेलं असतं. मग नोव्हेंबर लागला की पेपरात फ्लेमिंगोचा फोटो येतो आणि खाली लिहिलेलं असतं महाराष्ट्राचं भरतपूर, राजस्थानातल्या त्या प्रसिद्ध पक्षी अभयारण्यावरून. वर्षातून दोनदा नाव होतं आमचं, पण इथे यायचं तर शेवटचे काही किलोमीटर कसे काढायचे हे कुणी विचारत नाही आणि कुणी सांगतही नाही.

हे पत्र मी उघडपणे लिहितेय कारण पाकिटात घालून दिलेल्या तीन अर्जांचं काय झालं ते सांगायचंय. एक रस्ते बघणाऱ्या खात्याला दिला, एक पाणी बघणाऱ्या खात्याला, एक पक्षी बघणाऱ्या खात्याला. तिघांचीही पोच आहे माझ्याकडे, शिक्क्यासकट. उत्तर एकाच ठिकाणाहून आलं आणि त्याचा अर्थ इतकाच की या रस्त्यावर वाहतूक कमी आहे म्हणून यंदाच्या कामांमध्ये तो घेता येत नाही. ते वाचून मी दोन दिवस गप्प बसले, तिसऱ्या दिवशी म्हटलं नाही, हे सगळ्यांना वाचू दे.

मी कोण ते आधी सांगते. माझे वडील, आम्ही नाना म्हणतो त्यांना, कालव्यावर पाटकरी होते. बंधाऱ्यापासून चाऱ्या, म्हणजे कालव्यातून निघणारे छोटे पाट, सोडणं, पाण्याची पाळी आली की शेतकऱ्याला निरोप देणं, रात्रीबेरात्री बॅटरी घेऊन सायकलवर कालव्याच्या कडेने फेरी मारणं हे त्यांचं काम. त्या सायकलच्या पुढच्या दांडीवर बसून मी हा परिसर पाहिलाय. सासर पण शेजारच्याच गावात मिळालं त्यामुळे इथून बाहेर कधी गेलेच नाही. आता आमचा बारा बायकांचा बचत गट आहे, थंडीच्या दिवसात पक्षी बघायला येणाऱ्या लोकांना आम्ही सकाळचा चहा-नाष्टा आणि दुपारचं जेवण करून देतो, बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, मिरचीचा ठेचा. नोव्हेंबर ते मार्च या पाच महिन्यात जे मिळतं त्याच्यावर आमच्या पोरींच्या फिया भरल्या जातात. म्हणजे हा रस्ता माझ्यासाठी नुसता रस्ता नाही हे तुम्हाला कळलं असेल.

जागा काय आहे ते तुम्हाला माहीत असणारच पण जे लोक हे वाचतील त्यांच्यासाठी सांगते. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कडवा या दोन नद्या जिथे भेटतात तिथे ब्रिटिशांच्या काळात, शंभर वर्षांपूर्वी, दगडी बंधारा बांधला. त्याच्यातून डावा आणि उजवा असे दोन कालवे निघाले आणि खाली कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरकडची शेती त्याच्यावर पिकली. नंतर मराठवाड्यातल्या वैजापूर-गंगापूर तालुक्यांकडे जलद कालवा पण निघाला. बंधाऱ्याच्या मागे इतकी वर्षं गाळ साठत गेला, पाणी उथळ झालं, मधे मधे बेटं तयार झाली, लव्हाळं आणि पाणवनस्पती उगवल्या, आणि बांधणाऱ्याच्या मनातही नसेल अशी एक गोष्ट घडली, हजारो मैलांवरून पक्षी इथे उतरायला लागले. 1986 मध्ये अभयारण्य जाहीर झालं, साधारण 100 चौरस किलोमीटरचं. आणि जानेवारी 2020 मध्ये बातमी आली की रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, नाव लागलं, महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा. लोणार त्याच्यानंतर लागलं आणि ठाण्याची खाडी त्याच्याही नंतर. ज्या दिवशी ती बातमी आली त्या दिवशी गावात पेढे वाटले होते, मी स्वतः वाटले होते, आणि सगळे म्हणत होते की आता तरी रस्ता होईल.

पक्षी तर आहेतच. हळदी-कुंकू बदक, चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, शेकाट्या, चित्रबलाक, जांभळी पाणकोंबडी, थंडीत क्रौंच. लहानपणी आम्ही या सगळ्यांना मिळून बदकं आणि बगळे एवढंच म्हणायचो, नावं आम्हाला गावातल्या गाईड पोरांनी शिकवली. त्या पोरांमधली कितीतरी दहावी-बारावीच झालेली आहेत पण दुर्बिणीत न बघता नुसत्या उडण्यावरून पक्षी सांगतात. देवळालीच्या नावाने ओळखला जाणारा एक छोटासा मासा आहे, देवळाली मिनो, जगात धोक्यात असलेला, तो पण या पाण्यात नोंदलेला आहे. आणि पक्ष्यांच्या आधीपासून इथे देव आहे. नदीच्या पात्रातली जुनी मंदिरं आहेत, मध्यमेश्वर, मृगव्याधेश्वर. आमच्याकडे सांगतात की पंचवटीतून निघालेल्या रामाने मारीच हरणाला बाण मारला तो इथे. थोडं वर चांदोरीला गोदावरीच्या पात्रात जुनी दगडी मंदिरं आहेत, पाणी आटलं की उघडी पडतात. तिकडे सिन्नरला गोंदेश्वर. नाशिकहून सकाळी निघालेल्या माणसाने एका दिवसात हे सगळं बघून संध्याकाळी घरी परत जावं असा हा पट्टा आहे, शहरापासून साधारण 40 किलोमीटर फक्त.

आता गाऱ्हाणं.

सगळ्यात आधी त्या मोरीबद्दल बोलते. गावाच्या अलीकडे एक वळण आहे, तिथे चारीवर एक जुनी दगडी मोरी आहे, म्हणजे छोटा पूल. तिचा एका बाजूचा कठडा पडला त्याला तीन पावसाळे झाले. कठड्याचे दगड तिथेच खाली चारीत पडलेत, त्याच्यावर आता शेवाळ आलंय. मोरीच्या दोन्ही तोंडाला डांबर खचून गुडघाभर खड्डा झालाय आणि मधे एक दगड वर आलाय, टोकदार, गाडीच्या बरोबर पोटात लागेल असा. गावातल्या ट्रॅक्टरवाल्यांना माहितीये, ते डावीकडून काढतात. पण नवीन माणसाला काय कळणार. कुणीतरी एका फांदीला लाल फडकं बांधून त्या खड्ड्यात उभं केलंय, ते फडकं उन्हाने आता गुलाबी पडलंय.

गेल्या जानेवारीत, संक्रांतीच्या आसपास, नाशिकचं एक कुटुंब पहाटे निघून आलं. धुकं असतं आमच्याकडे, निफाडची थंडी तर तुम्हाला माहितीये, राज्यात सगळ्यात कमी तापमान निफाडला अशी बातमी दरवर्षी येते. तर त्या धुक्यात त्यांची गाडी त्या दगडावर बसली आणि चेंबर फुटलं. ऑइल सगळं रस्त्यावर. सोबत आजोबा होते, ऐंशीच्या पुढचे, खास क्रौंच बघायला म्हणून आले होते कारण डॉक्टरांनी आता लांबचा प्रवास बंद सांगितला होता आणि ही जवळची जागा म्हणून मुलगा घेऊन आला होता. निरोप आला तशी मी घरून चहाची किटली घेऊन गेले तेव्हा ते मोरीच्या धड राहिलेल्या कठड्यावर बसले होते, कानटोपी घालून, गळ्यात दुर्बीण, पायाखाली त्यांच्या नातीने वर्तमानपत्र टाकलेलं कारण जमीन ओली होती. अडीच तास बसले ते तिथे. मेकॅनिक आला, गाडी टो करून न्यायची ठरलं, तोपर्यंत ऊन वर आलं होतं. क्रौंच सकाळी पाण्यावरून उठून शेतात चरायला जातात, एकदा गेले की मग दिसणं अवघड. मला म्हणाले, ताई, आवाज ऐकला मी, वरून गेले, धुक्यात दिसले नाहीत पण आवाज ऐकला. परत जाताना माझ्या हातात शंभराची नोट द्यायला लागले चहाची. मी घेतली नाही. त्या दगडाची लाज वाटली मला, दगड माझा नसून पण.

हे झालं पाहुण्यांचं. आमचं रोजचं त्याच्यापेक्षा अवघड आहे.

नोव्हेंबरपासून ऊसतोड चालू होते. म्हणजे ज्या महिन्यात पक्षी आणि पाहुणे येतात त्याच महिन्यात उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन दोन ट्रॉल्या, वरपर्यंत भरलेल्या, रात्रभर त्याच एकेरी रस्त्याने जातात. कितीतरी ट्रॉल्यांना मागे रिफ्लेक्टर नसतो. रस्त्यावर ऊस सांडतो, चाकाखाली चिरडतो, सकाळी दव पडलं की त्याच्यावरून टू-व्हीलर साबणासारखी घसरते. दूध घालायला जाणारी पोरं पडतात. माझी पुतणी सायकलवरून शाळेत जाताना पडली, हाताला टाके पडले. ट्रॅक्टरवाल्यांचं मी वाईट म्हणत नाही, ते पण आमचेच लोक आहेत, खेपा मारतात तेव्हा पोट भरतं, पण साइडपट्टीच नसेल तर समोरून येणाऱ्याने गाडी घालायची कुठे, उसात?

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत रात्री साडेअकराला नानांना धाप लागली. ॲम्ब्युलन्स निघाली होती, वेळेत निघाली होती, पण मधे एक ट्रॉली खड्ड्यात कलंडून आडवी झालेली. पलीकडे ॲम्ब्युलन्स, अलीकडे आम्ही पिकअपमध्ये नानांना घेऊन, आणि मधे रस्ताभर ऊस. माझ्या दिराने आणि तोडणीवाल्या माणसांनी मिळून हाताने मोळ्या बाजूला केल्या, चाळीस मिनिटं लागली, मग नानांना उचलून उसावरून चालत पलीकडे नेलं. मी पुढे चालत होते मोबाईलची बॅटरी दाखवत. नाना वाचले, आज ओट्यावर बसलेत मी हे लिहितेय तेव्हा. पण ज्या माणसाने तीस वर्षं रात्रीचा याच भागातून सायकलवर फिरून दुसऱ्यांच्या शेताला पाणी पोचवलं त्याला दवाखान्यात न्यायला आम्हाला उसावरून चालत जावं लागलं, हे मला विसरता येत नाही आणि मी विसरणार पण नाही.

द्राक्षाचं सांगते. आमच्या निफाड तालुक्याचं द्राक्ष परदेशात जातं, हे तुम्ही भाषणात सांगता आणि खरं आहे ते. पण बागेतून पिकअपमध्ये क्रेट भरून हा टप्पा पार करेपर्यंत मणी गळतात. टोमॅटो तर खालच्या क्रेटमधला दबतोच. व्यापारी क्रेट उघडतो, खाली हात घालतो, ओला हात वर काढून दाखवतो आणि भाव कमी करतो. त्याच्याशी भांडून काय उपयोग, माल दबलेला असतोच ना.

आणि आता तुम्ही म्हणाल की दरवर्षी खड्डे बुजवतो की. बुजवता, मान्य. पण ते टिकत का नाही हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो सांगेल. जमीन काळी आहे आमची. काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तिच्यावर नुसती खडी आणि डांबर टाकलं की पहिल्या पावसात रस्ता सापासारखा वाकतो. वरून कालव्याचा पाझर बारा महिने. दोन्ही बाजूला बागायत, रानातलं पाणी रस्त्यावर उतरतं, कारण गटार नाही आणि जिथे होतं तिथे नांगराने बुजलं, त्यात आमच्याच लोकांची पण चूक आहे हे मी लपवत नाही. काही ठिकाणी रस्ता शेतापेक्षा खाली गेलाय. आणि त्याच्यावरून भरलेल्या ट्रॉल्या. अशा ठिकाणी दिवाळीच्या आधी पॅच मारला की तो होळीपर्यंत पण राहत नाही. पाया करायला पाहिजे, काळी माती काढून मुरूम, खडी दाबून, दोन्ही बाजूला पाणी काढून देणारी गटारं, आणि जिथे पाणी साचतंच तिथे तेवढाच तुकडा काँक्रीटचा. मी इंजिनिअर नाही पण मी चाळीस वर्षं हा रस्ता बघतेय. दरवर्षी वरवरच्या पॅचवर जो पैसा जातो तो एकदा पायात घाला.

आता ते वाहतूक कमी आहे याच्यावर येते, कारण माझं सगळ्यात मोठं म्हणणं तेच आहे.

कमी आहे कारण रस्ता असा आहे. जो एकदा येतो तो परत येताना चार जणांना सांगतो की जागा सुंदर आहे पण गाडी घेऊन जाऊ नका. शिर्डीला जाणारे लाखो लोक आमच्या जवळून जातात, सिन्नरवरून समृद्धी महामार्ग गेला, मुंबईचा माणूस काही तासात सिन्नरला पोचतो, आणि तिथून पुढे आमच्याकडे वळायला घाबरतो. शाळांच्या सहली येतात त्यांच्या बसवाले आधी फोन करून विचारतात रस्ता कसा आहे, आणि मी खोटं बोलू शकत नाही. गेल्या वर्षी एका शाळेची मोठी बस त्या मोरीपाशी थांबली, ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं, आणि बस मागे वळवायला जागा नाही म्हणून अर्धा किलोमीटर रिव्हर्समध्ये गेला. आत साठ मुलं होती, खिडकीतून हात हलवत होती आम्हाला. आमच्याकडे साठ मुलांचे पोहे करून झाकून ठेवलेले. ते आम्ही मग वाडीत वाटले.

शिवाय मोजलं कधी? कुठल्या महिन्यात, कुठल्या वारी, किती वाजता? मे महिन्यात भर दुपारी मोजलं तर एक बैलगाडी दिसेल तुम्हाला. डिसेंबरच्या रविवारी पहाटे साडेपाच ते दहा या वेळात टपरीवर बसा, आणि ऊसतोड चालू असताना रात्री दहानंतर बसा. मग आकडा लिहा. तो आकडा काय येईल तो आम्ही मान्य करू.

अजून एक महत्त्वाचं. कुणी म्हणेल रस्ता मोठा केला की पक्षी जातील. ही भीती मला तुमच्यापेक्षा जास्त आहे, कारण पक्षी गेले की आमची चूल गेली. म्हणून आम्हाला मोठा रस्ता नको. चौपदरी नको, पाण्याच्या कडेने गाडी फिरवायचा रिंगरोड नको, झाडं तोडून रुंदीकरण तर अजिबात नको. त्या वाटेवर जुन्या चिंचा आहेत, कडुनिंब आहेत, बाभळी आहेत, त्यांच्यावर घरटी असतात. आहे तेवढ्याच रुंदीचा, धड, पाणी न साचणारा, दोन्ही बाजूला साइडपट्टी असलेला रस्ता गावापर्यंत द्या आणि तिथे संपवा. गावाच्या बाहेर पार्किंग करा. तिथून पुढे माणसं चालत जातील, सायकलवर जातील, म्हाताऱ्या माणसांसाठी आणि ज्यांना चालता येत नाही त्यांच्यासाठी बॅटरीवरची एखादी गाडी. खऱ्या भरतपूरला हेच आहे, तिथे गाड्या बाहेर लावून लोक सायकलने आणि सायकलरिक्षाने आत फिरतात आणि रिक्षावालेच पक्षी दाखवतात. आपल्या जागेला भरतपूरचं नाव द्यायचं तर ही पद्धत पण घ्यायला काय हरकत आहे. आमच्या पोरांना त्यातून काम मिळेल, हॉर्न वाजणार नाही, धूळ उडणार नाही.

आत्ता काय होतं सांगू का, आत्ता रस्ता खराब आहे म्हणून लोक मोठ्या गाड्या घेऊन येतात, जीपसारख्या, आणि एकदा आले की त्या गाड्या सरळ पाण्याच्या काठापर्यंत घालतात, कारण थांबवायला काही नाही. मागच्या हिवाळ्यात काठावरच्या गवतात चाकांच्या खुणा मी मोजल्यात. म्हणजे खराब रस्त्याने पक्षी वाचतात असं कुणाला वाटत असेल तर तसं नाहीये.

तर आता मागण्या. सरळ लिहिते.

पहिली, रस्ता कुणाचा ते ठरवा. आत्ता परिस्थिती अशी आहे की काही तुकडा एका खात्याचा, काही कालव्याची सेवावाट म्हणून दुसऱ्याचा, अभयारण्याचा तुकडा तिसऱ्याचा, आणि मोरी कुणाचीच नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं मला. तिन्ही खात्यांनी एका दिवशी एकत्र येऊन, गावकऱ्यांसमोर, रस्ता चालत बघावा आणि प्रत्येक तुकडा कुणाचा ते लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावावं. याला एक रुपया खर्च नाही.

दुसरी, मोरी. कठडा बांधा, दोन्ही तोंडं भरा, तो दगड काढा. हे नोव्हेंबरच्या आधी. बाकी सगळं नंतर झालं तरी चालेल, हे आधी.

तिसरी, बाकी टप्प्याचं पायापासून काम, आहे त्याच रुंदीत, गटारांसकट. अभयारण्याच्या हद्दीत परवानगी लागते हे कळतं आम्हाला, ती वेळेत मागा म्हणजे काम उन्हाळ्यात होईल आणि पक्षी असताना मशिनी चालणार नाहीत. आणि काम सुरू होईल तेव्हा फलक लावा, काम किती रुपयांचं, किती दिवसांचं, दुरुस्तीची जबाबदारी ठेकेदारावर किती वर्षं. तो फलक काम संपल्यावर पण तिथे राहू द्या.

चौथी, ऊस. हंगाम सुरू व्हायच्या आधी कारखाने, वाहतूकदार आणि गावं यांची एक बैठक बोलवा. रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली रस्त्यावर येऊ नये, सांडलेला ऊस सकाळपर्यंत उचलला जावा, आणि या अरुंद टप्प्यात ट्रॅक्टरची रांग उभी राहू नये. ट्रॅक्टरवाल्याला दंड करून सोडून देऊ नका, त्याला आधी रिफ्लेक्टर द्या.

पाचवी, हंगामात शनिवार-रविवार तरी नाशिकहून पहाटे निघून उजाडायला इथे पोचेल अशी एक एसटी. कॉलेजच्या मुलामुलींकडे गाडी नसते, पक्षी बघायची आवड मात्र असते. तीच एसटी परत जाताना आमच्या बायकांना बाजाराला नेईल.

आणि पार्किंगपाशी स्वच्छ शौचालय, पाण्यासकट, बायकांसाठी वेगळं. याचा नंबर मी घातला नाही पण हे पण तितकंच गरजेचं आहे, कारण पहाटे चारला घरातून निघालेल्या बाईला इथे पोचल्यावर पहिली अडचण हीच येते आणि ती बिचारी आमच्या घरात येऊन हळूच विचारते.

2027 चा सिंहस्थ आहे. नाशकात रस्त्यांची मोठमोठी कामं निघालीत, चांगलं आहे, व्हायलाच पाहिजेत. पण रामकुंडावरून पुढे गेलेली गोदावरी कुठे जाते? चांदोरी, सायखेडा करत आमच्याकडेच येते. शहरातली पानवेली आणि सगळं सांडपाणी पण तीच घेऊन येते आणि ते आम्ही बघतो, 2016 आणि 2019 च्या पुरात चांदोरी-सायखेड्याचं काय झालं ते पण सगळ्यांनी बघितलंय. गोदावरीच्या नावाने जो पैसा येतोय त्याच्यात नदीच्या या टोकाचा पण हिस्सा धरा, एवढंच मागणं आहे. भाविक नाशकात आले की दुसऱ्या दिवशी त्यांना कुठे न्यायचं हा प्रश्न तुम्हाला पडणारच आहे, तर मृगव्याधेश्वर आहे, नदी आहे, पक्षी आहेत.

एवढ्या वेळात कमान उभारा, सेल्फी पॉइंट करा, रंगीत लाइट लावा अशा सूचना पण ऐकल्या मी एका बैठकीत. मी तिथेच बोलले आणि इथे पण लिहिते, कमान नको. लाइट तर नकोच नको, रात्री पक्षी झोपतात तिथे.

मी कुणाला शिव्या द्यायला हे लिहिलेलं नाही. या खात्यांमधले कितीतरी लोक मनापासून काम करतात, पुरात रात्रभर गेटवर उभे राहणारे कर्मचारी मी लहानपणापासून बघितलेत, माझे वडील त्यातलेच. वनरक्षक पोरं पगार किती आणि फिरतात किती ते पण माहितीये. म्हणूनच हक्काने सांगतेय.

आता एक विनंती. येत्या डिसेंबरात कुठल्याही रविवारी, तुमच्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी पहाटे पाचला नाशिकहून निघा. सरकारी मोठी गाडी नको, साधी छोटी गाडी घ्या, घरातली म्हातारी माणसं असतील तर त्यांना पण घ्या. मोरीपाशी मी उभी असेन, डावीकडून काढा सांगायला. टपरीवर बसून दहा वाजेपर्यंत गाड्या मोजू, वही मी आणते. मग पाण्यावर जाऊ. चहा-नाष्टा आमच्या गटाकडून. वहीवर खाली तुम्ही सही करा, मी पण करते, आणि तीच वही माझ्या चौथ्या अर्जाला जोडते.

आपली,
पाटकऱ्याची लेक
नांदूर मध्यमेश्वर परिसर, ता. निफाड, जि. नाशिक